पौषात चालेल का?

सोलापूरची थंडी फार दिवस राहत नाही. आली आली म्हणेपर्यंत कपाटातल्या शाली पुन्हा आत जातात. म्हणून जेवढी येते तेवढी आम्ही पुरवून पुरवून घेतो. सकाळच्या उन्हाकडे पाठ करून शेंगा फोडत बसायचं, टरफलांचा ढीग वाढत गेला तरी उठायचं नाही. बाजारात हुरड्याची कणसं येतात, गड्ड्याच्या जत्रेच्या मैदानावर पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहायला लागतात, आणि रिक्षावाल्यांच्या कानांना मफलरी दिसू लागतात. परवा आईनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान उलटलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "पौष लागला गं."

हे वाक्य आमच्या घरात दरवर्षी म्हटलं जातं. माझे वडील, आप्पा, पौरोहित्य करतात. वास्तुशांत, मुंज, लग्न, सत्यनारायण, श्राद्ध, जे येईल ते. मार्गशीर्षात त्यांना जेवायला फुरसत नसते आणि पौषात दिवस कसा घालवावा हे कळत नसतं. लोक या महिन्यात मंगलकार्यं काढत नाहीत. मग आप्पांचा फोन वाजतो तो एकाच प्रश्नासाठी. "आप्पा, अमुक करायचंय, पौषात चालेल का?"

पौष लागला हे आईचं वाक्य आता ऐकलं की मला हसू येतं. काही वर्षांपूर्वीचा एक पौष आठवतो. त्या पौषात आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द पुरता उलटसुलट झाला. तो शब्द म्हणजे 'वर्ज्य'.

लहानपणी हा शब्द माझ्या कानावर इतक्या वेळा पडायचा की तो मला भाजीपाल्याच्या नावासारखा ओळखीचा होता. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. श्राद्धाच्या स्वयंपाकात मसूर वर्ज्य. शनिवारी नखं काढणं वर्ज्य, दिवेलागणीला केर काढणं वर्ज्य, एकादशीला भात वर्ज्य. मी पाटीवर तो शब्द लिहायला गेले आणि 'वज्र' असं लिहून बसले. आप्पांनी ते पाहिलं, पण पुसलं नाही. म्हणाले, "तसंही चुकलेलं नाही फारसं." पुढं कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात दोन्ही शब्द एकच राहिले. जे वर्ज्य ते वज्रासारखं, डोकं आपटलं तर आपलंच फुटणार.

शाळेत गाण्याच्या बाई भूप शिकवायच्या. म्हणाल्या, "यात मध्यम आणि निषाद वर्ज्य." मी हात वर करून विचारलं, "मग बाई, ते कुठं जातात?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटीवर मध्यम दाबून धरला, त्याचा सूर खोलीभर फिरू दिला आणि म्हणाल्या, "किती गोड आहे बघ. तो वाईट नाहीये गं. या रागात तो घेत नाहीत, एवढंच. दुसऱ्या रागात त्याच्यावाचून अडतं." मला ते तेव्हा पटलं होतं की नाही, सांगता येत नाही. घरी येऊन मी आप्पांना विचारलं होतं की लसणीचा राग कुठला.

गावात मात्र हा शब्द कुणी बोलत नाही. तो पंचांगातला, पोथीतला, फार तर डॉक्टरांच्या कागदावरचा. मोडनिंब-माळशिरसकडची आप्पांची यजमान मंडळी नुसतं "न्हाय चालत" म्हणतात. अक्कलकोटकडच्या एक कानडी आजी यायच्या, त्या हात हलवून "ब्याड, ब्याड" करायच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मशिन घेऊन बसणारे शिंपीचाचा लांबूनच "नक्को" म्हणायचे. एवढ्या बोली, आणि प्रत्येकीत नको म्हणायची आपली आपली तऱ्हा. पण आप्पांनी 'वर्ज्य' म्हटलं की त्यावर दुसरं बोलणं नसायचं. तो जोडाक्षरांचा शब्दच असा आहे की बोलणाऱ्याचे ओठ मिटून घेतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत तो तसाच वापरला गेला.

वसू माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिनं श्रीनिवासशी लग्न केलं. श्रीनिवास पूर्व भागातला, तेलुगू विणकराच्या घरातला. आजोबा हातमागावर, वडील यंत्रमागावर, आणि तो स्वतः शाळेचे गणवेश शिवून घेण्याचा छोटा कारखाना चालवतो. कॉलेजात दोघं एका वर्गात होते. वसूनं घरी सांगितलं तेव्हा आप्पा ओरडले नाहीत, हात उगारला नाही, उपास धरला नाही. सगळं ऐकून घेतलं, पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "हा विषय या घरात वर्ज्य."

तेवढंच. वसूनं लग्न कचेरीत नोंदवलं. तिचं नाव आमच्या घरात कुणी मोठ्यानं घेईना. आई मंगळवारच्या बाजारात तिला भेटायची, भाजी घेता घेता दोघी बोलायच्या आणि वेगवेगळ्या रिक्षांनी परतायच्या. माझं सासर आईच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी वसूकडे उघड जायची. आप्पांना ते ठाऊक होतं. मी तिच्याकडून आले की ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे, आणि मग "चहा टाक" म्हणायचे. मी चहा टाकायची. अशी वर्षं गेली. त्या वर्षांत वसूचे सासरे गेले, वसूची नोकरी लागली, तिच्या केसांत एक पांढरी बट आली. हे सगळं आमच्या आईला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला वाटतं आप्पांनाही माहीत असावं. पण कोण कुणाला सांगणार?

त्या वर्षी दसऱ्यापासून आप्पांचा आवाज बसला. आधी वाटलं, धूळ. मग वाटलं, फार बोलणं होतंय. ज्येष्ठमध झालं, हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, अडुळसा झाला. आवाज फुटायचा, चिरकायचा, मध्येच नाहीसा व्हायचा. मार्गशीर्षातल्या एका लग्नात मंगलाष्टकं म्हणताना 'सावधान' तोंडातून बाहेरच आलं नाही. ओठ हलले, हवा आली, शब्द नाही. मंडपात सगळे अक्षता मुठीत धरून थांबले. मुलाच्या मामानं सावधान म्हटलं म्हणून लग्न लागलं. आप्पा घरी आले, सोवळ्याची पिशवी खुंटीला अडकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चाळीस-पन्नास वर्षं ज्या गळ्यावर घर चाललं तो गळा. आई माझ्याकडे आली आणि पदराचं टोक पिळत म्हणाली, "मंजू, उद्या त्यांना दाखवून आणू."

घशाच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा. त्यांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर एक गाठ होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, पांढरट. म्हणाल्या, "काढून टाकू आणि तपासायला पाठवू. रिपोर्ट आल्यावर बोलू." तपासायला कशासाठी, हे आम्ही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तो रोग आमच्या शेजारच्या घरात येऊन गेला होता. त्याचं नाव न घेता आम्ही तिघं रिक्षात बसलो.

शस्त्रक्रिया लहानशी होती, त्याच संध्याकाळी घरी सोडलं. डॉक्टरांनी जाताना बजावलं, "आठवडाभर एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट जास्त ताण येतो. खाकरायचं नाही. आणि तिखट, तेलकट, कडकडीत गरम, सगळं वर्ज्य." शेवटचा शब्द ऐकून आप्पांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी मिश्कील चमकलं. जन्मभर आपण वाटत आलो तो प्रसाद आज आपल्याच पदरात पडला, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी पौष लागला.

माझी शाळा दुपारची. म्हणून सकाळी मी आईकडे जायची आणि आप्पांचा फोन सांभाळायची. ते उन्हात आरामखुर्चीत बसायचे, मी शेजारी पाटावर. फोन वाजला की मी तो मोठ्या आवाजावर लावायची, म्हणजे त्यांना ऐकू येईल. ते मानेनं सांगायचे, मी तोंडानं. पंचांग मांडीवर उघडं असायचं, पण ते त्यात क्वचितच बघायचे.

"हॅलो, आप्पा हायेत का?"

"त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. बोलता येत नाही. मी त्यांची मुलगी. काय काम होतं?"

"अरारा. लई वाईट झालं. जपा म्हणावं. न्हाय, काय हाय ताई, ट्रॅक्टर मिळतोय आजच. पोरं म्हणत्यात आणू, म्हातारा म्हणतोय पौष हाय. चालंल का?"

आप्पांची मान उभी हलली. "चालेल म्हणतात."

"व्हय? बरं झालं. म्हाताऱ्याला तुमीच सांगा की, हितंच बसलाय."

मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग मागून कुणीतरी आनंदानं ओरडलेलं ऐकू आलं.

असे रोज फोन. नवी नोकरी पौषात धरू का? धर. बाळाला पौषात पहिल्यांदा भात भरवू का? भरव. वेळापूरच्या एका बाईंनी आवाज बारीक करून विचारलं, "आमच्या जाऊबाईंचे मालक गेले औंदा. संक्रातीला त्यास्नी वाण दिलं तर काय व्हतं का? सासूबाई नगं म्हणत्यात." आप्पांनी डोळे मिटले आणि मान उभी हलवली, एकदा, मग थांबून आणखी एकदा. मी म्हटलं, "द्या. आप्पा दोनदा द्या म्हणतायत." बाई म्हणाल्या, "देव भलं करो त्यांचं."

फक्त एकदा मान आडवी हलली. कुर्डुवाडीकडचा एक माणूस विचारत होता, "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. ती म्हणतीय पौषात नको. माघावर ढकलू का?" आप्पांनी जोरजोरात मान हलवली, खुर्चीतून पुढं सरकले आणि आपल्याच गळ्यावरच्या मफलरीकडे बोट दाखवायला लागले. मी म्हटलं, "ढकलू नका. आप्पा स्वतःचा गळा दाखवतायत. त्यांचं ऑपरेशन आताच झालंय." पलीकडचा माणूस खो खो हसत सुटला. "मग काय, आईचं तोंडच बंद झालं की!" म्हणाला.

मी ते फोन घेत होते आणि आत काहीतरी हलत होतं. माझ्या आठवणीतले आप्पा हे सतत नाही म्हणणारे आप्पा होते. आणि इथं, मोजून बघितलं नाही, पण सकाळभर ते हो म्हणत होते. लोक घाबरून विचारायला यायचे आणि हलके होऊन फोन ठेवायचे. म्हणजे एवढी वर्षं त्यांचं काम हेच होतं तर. अडलेल्याला वाट करून द्यायची. बाहेरच्यांना ते माहीत होतं. आम्ही घरातले, आम्हाला फक्त लसूण माहीत होती. मग मनात यायचं, ज्यांना सगळ्यांसाठी वाट सापडते त्यांना एकीसाठी का सापडली नाही? की तिनं कधी विचारलंच नाही म्हणून?

रिपोर्ट येत नव्हता. आई देवापुढं बसायची ती उठायची नाही. दुपारी शाळेत शिकवताना मी फळ्यावर अर्धं वाक्य लिहून थांबायची, आणि मुली वाक्य पूर्ण करायच्या.

अशाच एका सकाळी मी आप्पांसाठी पेज निववत होते. माझा स्वतःचा फोन वाजला. हात ओला होता. चार दिवसांची सवय, मी उचलतानाच तो मोठ्या आवाजावर टाकला.

"ताई, रिपोर्ट आला का?"

वसूचा आवाज. त्या घराच्या भिंतींना कितीतरी वर्षांनी तो ऐकू आला. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आप्पा डोळे मिटून पडले होते.

"नाही अजून," मी म्हटलं.

"येईल गं. चांगलाच येईल. मी इथं रोज..." ती थांबली. "बरं ऐक, एक विचारायचंय. नवा फ्लॅट ताब्यात मिळालाय. जुन्या घराचे मालक म्हणतात, महिनाअखेर रिकामं करा, त्यांचा मुलगा यायचाय राहायला. आणि सासूबाईंनी, अत्तम्मांनी, कॅलेंडर बघितलंय. पुष्यमासम्, वद्दु, वद्दु, पौषात नको, एवढंच चाललंय त्यांचं. श्रीनिवासनं सांगून बघितलं, मी सांगून बघितलं. म्हणतात, कुणी जाणता माणूस चालेल म्हणाला तरच." पुन्हा थांबली. "तू आप्पांना विचारशील? माझं नाव नको घेऊस. कुणीतरी विचारतंय म्हणून विचार. तू रोज विचारतेस ना लोकांचं, तसंच. एक परकं माणूस समजून सांगतील तेवढं पुरे."

आप्पांचे डोळे उघडले होते.

मला फोन बंद करता आला असता. पण हात चालेना. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते समोरच्या तुळशीकडे बघत होते. मग त्यांची मान हलली. उभी. सावकाश, पण अगदी स्पष्ट. नंतर त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, ती हळूहळू वर नेली आणि बोटं बाहेरच्या बाजूला उलगडली. मला कळेना. आईला कळलं. ती दारातूनच म्हणाली, "दूध उतू घालायला सांगतायत."

आप्पांनी मान डोलावली आणि पंचांगाची दोन पानं उलटून माघावर बोट ठेवलं.

"वसू," मी म्हटलं, "राहायला जा. चालतं. चुलीवर दूध उतू घाल आणि जा. वास्तुशांत माघात कर."

"पण विचारलंस कधी? कोण म्हणतंय हे?"

"आप्पा. इथंच आहेत. ऐकतायत सगळं."

पलीकडून तिच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकू आली. आप्पांनी हात पुढं केला. मी फोन दिला. त्यांनी तो तोंडाशी धरला आणि त्यांचे ओठ उघडले.

"अहो, नको!" आई धावत आली. "बोलू नका! नका बोलू हो!"

जिनं एवढी वर्षं, त्यांनी एक शब्द बोलावा म्हणून देव पाण्यात घातले होते, तीच त्यांच्या तोंडापुढं हात धरून उभी होती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ मिटले. मग त्यांनी नखानं फोनवर टक् टक् केलं, दार वाजवावं तसं.

"आप्पा?" वसू म्हणाली.

टक्.

"ऐकू येतंय तुम्हाला?"

टक्.

मग वसू बोलायला लागली. आधी रडत, मग रडणं थांबवून, मग नेहमीसारखं भराभर. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. सासरे शेवटी शेवटी तिच्याच हातचं जेवायचे. अत्तम्मा कडक आहेत, पण ती आजारी पडली तेव्हा पाय चेपत बसल्या होत्या. श्रीनिवास अजून आप्पांचा उल्लेख करताना नाव घेत नाही, 'पंतुलुगारू' म्हणतो, म्हणजे गुरुजी. तिला बढती मिळाली. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. आप्पांना मध्येच काही विचारता येत नव्हतं, तोडता येत नव्हतं, 'पुरे' म्हणता येत नव्हतं. ते फक्त ऐकत होते, आणि ती थांबली की टक् करत होते, म्हणजे पुढं बोल. पेजेवर साय धरली. आई पाटावर बसली होती आणि पदरानं सारखं तोंड पुसत होती. आमच्या घरात एवढं मोठं बोलणं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं, आणि ते एकाच बाजूनं झालं होतं.

आता मागं वळून बघताना वाटतं, त्या दिवशी आप्पांना बोलता येत असतं तर काय झालं असतं? कदाचित त्यांनी योग्य तेच सांगितलं असतं. कदाचित त्यांच्या तोंडून सवयीनं तो जुना शब्द गेला असता. माणसाचं मन आधीच वळलेलं असतं आणि जीभ अजून मागच्याच वळणावर उभी असते. माझ्यापुरती मी त्या डॉक्टरबाईंची ऋणी आहे, गाठीसाठी आहेच, पण त्या आठवड्याच्या सक्तीच्या गप्प बसण्यासाठी जास्त.

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. डॉक्टरांनी कागद वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला. त्यांना सवय असेल, आम्हाला नव्हती. "साधी गाठ आहे," त्या म्हणाल्या. "काही नाही त्यात. फार बोलणाऱ्यांना होते. शिक्षकांना, गाणाऱ्यांना."

"म्हणजे ते... नाही ना?" आईनं विचारलं.

"नाही. ते नाही."

आई हसायला लागली. दवाखान्यात, रांगेत बसलेल्या पेशंटांसमोर, माझी शांत, सोशीक आई तोंडावर पदर धरून हसत सुटली आणि थांबेना. डॉक्टरही हसल्या. मग आप्पांना म्हणाल्या, "म्हणा बघू, आ." आप्पांनी तोंड उघडलं. थोडा वेळ काहीच नाही. मग आवाज आला, गंजलेल्या कडीसारखा, पण पुरता. "आ." डॉक्टर म्हणाल्या, "छान. आता थोडं थोडं बोला. हळू. मंत्र महिनाभर नाहीत."

बाहेर पडलो तर ऊन केवढं पडलं होतं. तेच रस्ते, त्याच रिक्षा, चौकात तोच गोंगाट, पण कुणीतरी सगळ्यावरून ओलं फडकं फिरवलं असावं तसं सगळं लख्ख दिसत होतं. मी शाळेला दांडी मारली. आईनं वाटेत हुरडा घेतला, आणि आप्पांना दात लावता येईल की नाही याचा विचारही केला नाही. रिक्षावाल्याला उगाचच विचारत होती, "तुम्हाला किती मुलं हो?"

यंदाच्या पौषात आप्पांचा आवाज थोडा घोगराच आहे, तो तसाच राहिला. मंगलाष्टकं आता दुसरे गुरुजी म्हणतात, आप्पा शेजारी बसून अक्षतांची ताटं फिरवायला लावतात. फोनवर मात्र स्वतः बोलतात आणि फार बोलतात. मध्यंतरी माझ्या वर्गातल्या एका मुलीनं 'वर्ज्य'चा अर्थ विचारला. शब्दकोशात आहे तोच सांगितला: टाळावं असं, सोडून द्यावं असं. ती लिहून घेत होती. मी पुढं म्हटलं, "पण कशात वर्ज्य, केव्हा वर्ज्य, हे विचारल्याशिवाय तो शब्द वापरायचा नाही." तिनं तेही लिहून घेतलं. परीक्षेत त्याला गुण मिळणार नाहीत, हे मी सांगितलं नाही.

त्याच जुन्या पौषात, वसूच्या घरी दूध उतू घालायचं होतं त्या सकाळी, आम्ही तिघं गेलो. आप्पांना कुणी 'चला' म्हटलं नव्हतं. आम्ही निघतोय असं बघून त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि आमच्या आधी रिक्षात जाऊन बसले.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर दार बंद, आणि सगळे दाराबाहेर. श्रीनिवास, वसू, कारखान्यातल्या दोन बायका, खोक्यांच्या राशी, गुंडाळलेल्या गाद्या, आणि या सगळ्यांच्या पुढं दार अडवून उभ्या असलेल्या अत्तम्मा, वसूच्या सासूबाई. ठेंगण्या, हिरवं लुगडं, नाकात दोन्हीकडं चमक्या. त्यांच्या हातात तेलुगू कॅलेंडर होतं. भिंतीवरून खिळ्यासकट काढून आणलेलं.

त्यांनी आप्पांना पाहिलं आणि हात जोडले. पण दारातून हलल्या नाहीत.

"पंतुलुगारू, जरा थांबायचं. आत्ता वर्ज्यम् हाय."

आप्पांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. श्रीनिवास ओशाळून म्हणाला, "आमच्या कॅलेंडरात रोजची वेळ दिलेली असते. त्या वेळेत नवं काही करत नाहीत. वर्ज्यम् म्हणतात. थोडाच वेळ राहिलाय. अम्मा ऐकत नाही कुणाचं."

"नाही ऐकणार," अत्तम्मा म्हणाल्या. "पौषाचं तुमी सांगितलं, ते ऐकलं. हे न्हाय ऐकणार."

आप्पांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. एका तेलुगू विणकरीण बाईनं त्यांना त्यांच्याच शब्दानं उंबऱ्याबाहेर थांबवलं होतं. ते गादीच्या गुंडाळीवर बसले. अगदी आज्ञाधारक, मांडी घालून. आई त्यांच्या शेजारी बसली. सगळेच मग जिन्यावर, खोक्यांवर, कठड्याला टेकून बसले. खालून कुणाच्या तरी यंत्रमागाची खडखड येत होती.

वसू पुढं आली. तिनं वाकून नमस्कार केला आणि वाकलेलीच राहिली. आप्पांचा हात तिच्या डोक्यावर गेला, त्या पांढऱ्या बटेशी थांबला. ते बोटांनी ती बट मागं सारत राहिले. आप्पांना बोलायची परवानगी होती, पण थोडीच, आणि ते ती जपून ठेवल्यासारखे बसले होते.

मग त्यांनी घसा न खाकरता, हळू, त्या नव्या घोगऱ्या आवाजात विचारलं,

"पाणी आहे का गं, वसू?"

आमच्या पिढीजात सोवळ्याच्या घरातला माणूस कुणाच्या घरचं पाणी मागतो म्हणजे काय करतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अगदी कारखान्यातल्या त्या दोन बायकांनासुद्धा. वसूनं दाराकडे पाहिलं. पाण्याची भरलेली घागर आत ठेवलेली होती, कालच. आणि वर्ज्यम् अजून संपलं नव्हतं.

अत्तम्मांनी हातातल्या कॅलेंडरकडे पाहिलं. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आप्पांकडे पाहिलं. मग कॅलेंडर काखेत मारलं, कमरेची किल्ली काढली आणि कुलपाला लावली.

"नीळ्ळकु वर्ज्यम् लेदु," त्या पुटपुटल्या, आणि मग आम्हाला कळावं म्हणून मोठ्यानं, "पाण्याला कसलं आलंय वर्ज्यम्!"

दार उघडलं. वसू धावत आत गेली, तांब्या-भांडं घेऊन आली. घाईत थोडं पाणी आप्पांच्या धोतरावर सांडलं. त्यांनी भांडं दोन्ही हातांत धरलं आणि प्यायला सुरुवात केली. घोट सावकाश खाली उतरताना दिसत होता. एक, मग दुसरा. भांडं रिकामं झालं. त्यांनी ते तिच्यापुढं धरलं.

"आणखी दे," आप्पा म्हणाले.